विश्लेषण : हरवलेले रस्ते, पाडलेले वाडे जुन्या फोटोवरून कसे ओळखतात? निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांची गोष्ट

मोबाइलवर रोज एखादा तरी जुना फोटो येतो. खाली लिहिलेले असते, आपले गाव शंभर वर्षांपूर्वी. फोटो खरा असतो, पण गाव तेच आहे का, साल तेच आहे का, हे कोणी तपासत नाही. परभणी जिल्ह्यातील बोरी, जिंतूर, सेलू, मानवत या भागाला हा प्रश्न जास्त जवळचा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे या भागाच्या जुन्या चित्रांचा शोध मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद-सिकंदराबादकडे जास्त जातो आणि तिथे पहिले नाव येते राजा दीनदयाळ यांचे. हैदराबादचे जे रस्ते, पूल आणि महाल आज उरलेले नाहीत, त्यातले अनेक आज ओळखता येतात ते त्यांच्या काचेच्या प्लेटांमुळे. हे दीनदयाळ कोण होते, त्यांचे फोटो शहर ओळखायला कसे उपयोगी पडतात आणि बोरीसारख्या गावाने त्यातून काय घ्यावे, याविषयी...

राजा दीनदयाळ कोण होते?

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण रुडकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनीअरिंग कॉलेजात झाले. आजची आयआयटी रुडकी ती हीच. १८६६ मध्ये शिक्षण संपवून ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम होते अंदाजपत्रके करण्याचे आणि नकाशे काढण्याचे.

पुढे नावारूपाला आलेल्या छायाचित्रकाराची सुरुवात अशी मोजपट्टी आणि आराखड्याच्या कागदांनी झाली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. इमारतीची दर्शनी बाजू, तिची उंची, कमानींची ओळ, पायऱ्यांची संख्या हे पाहण्याची सवय त्यांना कॅमेरा हातात येण्याआधीच लागली होती. त्यांच्या फोटोत इमारत सहसा सरळ उभी दिसते, कोपरे कापलेले नसतात, शेजारची भिंतही थोडी दिसते. आज सव्वाशे वर्षांनंतर एखादी जागा ओळखायची झाली, की त्या शेजारच्या भिंतीचाच आधार मिळतो.

इंदूरमध्ये असताना, १८७० च्या दशकात, त्यांनी फोटोग्राफी सुरू केली. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. मध्य भारतातील इंग्रज सरकारचे एजंट सर हेन्री डेली यांचाही पाठिंबा मिळाला. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्या शाही दौऱ्याचे फोटो काढण्याची संधी दीनदयाळ यांना मिळाली. सरकारी कचेरीतला एक आरेखक एका मराठी संस्थानाच्या आश्रयाने मोठ्या वर्तुळात पोहोचला.

आधी स्मारके, मग शहर

१८८२-८३ मध्ये डेली यांच्यानंतर आलेले एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दीनदयाळ मध्य भारतात फिरले. ग्वाल्हेरचा किल्ला, सांची, खजुराहो, ओरछा अशा ठिकाणांचे फोटो त्यांनी घेतले. त्यातून १८८६ मध्ये मध्य भारतातील प्रसिद्ध स्मारकांवरचा ग्रिफिन यांचा ग्रंथ निघाला.

या फोटोंचे मोल नंतर कळले. सांचीचे मोठे काम सर जॉन मार्शल यांनी १९१२ ते १९१९ या काळात केले. त्याआधी तिथला दगड कुठे पडला होता, कोणता खांब उभा होता, झाडी कुठवर आली होती, हे दाखवणाऱ्या थोड्या पुराव्यांत हे फोटो येतात. दुरुस्तीनंतर इमारत सुंदर दिसते, पण मूळचे किती आणि नव्याने बसवलेले किती, हे सांगायला आधीचे चित्र लागते.

१८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरीन यांनी दीनदयाळ यांना आपले छायाचित्रकार म्हणून नेमले. पुढे राणी व्हिक्टोरियाची सनदही मिळाली. याच सुमारास त्यांचा हैदराबादशी संबंध आला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना १८८४ मध्ये कारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले होते. तरुण निजामाला फोटोची आवड होती आणि आपल्या राज्याचे वैभव जगाला दाखवायचेही होते. दीनदयाळ यांनी आधी सरकारी नोकरीतून रजा घेतली आणि मग ती सोडलीच. सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ उभा राहिला.

निजामाच्या दरबारात काय काम होते?

दरबार, शिकार, लष्करी कवायती, पाहुणे, मेजवान्या, महालांची दालने, सरदारांची पोर्ट्रेट असे हे काम होते. १८९४ मध्ये निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली. मुसव्विर जंग हा किताबही दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. जंग हे हैदराबादच्या दरबारी किताबांना लागणारे शेवटचे पद. म्हणजे फोटो काढणाऱ्या माणसाला सरदाराच्या पंक्तीत बसवणारा हा मान होता.

१८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ सुरू केला. पडद्यातल्या स्त्रियांना परक्या पुरुषासमोर बसता येत नसे. म्हणून तिथला कारभार केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोपवला होता. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात दीनदयाळ यांच्या कामाला पारितोषिक मिळाले. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत स्टुडिओ काढला.

त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायला सुरुवात झाली. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी तर त्याआधी तीन दशकांपूर्वीच, १८६० च्या दशकात, जमीनदोस्त झाली होती. फोटोग्राफी हिंदुस्थानात रुजली तो काळ आणि शहरे पाडून नवी बांधण्याचा काळ एकच होता. म्हणून त्या वेळच्या साध्या रस्त्याच्या फोटोलाही आज दस्तऐवजाची किंमत आहे.

एक फोटो काढायला काय लागायचे?

दीनदयाळ यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा ओल्या काचेची पद्धत चालू होती. काचेच्या तुकड्यावर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, तो चांदीच्या क्षारात बुडवायचा, ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि सुकण्याआधी धुऊन काढायचा. त्यासाठी अंधाराचा तंबू जागेवरच लागे. बैलगाडीत काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि लाकडी कॅमेरा हे सगळे बरोबर असे. १८८० च्या दशकात तयार कोरड्या प्लेटा मिळू लागल्या आणि प्रवास सोपा झाला.

या पद्धतीतल्या दोन गोष्टी आज जागा ओळखणाऱ्याला ठाऊक असाव्या लागतात.

पहिली, वेळ. ओल्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढ्यात चालणारा माणूस निघून जाई. म्हणून जुन्या फोटोतले गजबजलेले बाजार कधी कधी ओस पडलेले दिसतात किंवा रस्त्यावर धुरकट सावल्या दिसतात. रस्ता रिकामा होता, असा त्याचा अर्थ नाही.

दुसरी, आकार. काच जेवढी, तेवढाच कागदावरचा फोटो. मोठी करण्याची सोय नेहमीच्या कामात नसे, म्हणून काचाच मोठ्या वापरत. त्यामुळे त्यांच्यात तपशील प्रचंड असतो. अशा प्लेटचे चांगले स्कॅनिंग करून पडद्यावर मोठे केले, की दूरच्या दुकानाची पाटी, दिव्याचा खांब, छपरावरची कौले वाचता येतात. त्या काळच्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी न दिसलेल्या गोष्टी आज मोबाइलवर दोन बोटांनी दिसतात.

१९०८ चा पूर आणि नाहीसे झालेले शहर

दीनदयाळ ५ जुलै १९०५ रोजी गेले. त्यांचा मुलगा धरमचंद आदल्याच वर्षी, १९०४ मध्ये वारला होता. दुसरा मुलगा ग्यानचंद याने काही वर्षे व्यवसाय सांभाळला. पुढे तो ओसरत गेला.

त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, मुशी नदीला भीषण पूर आला. हैदराबादच्या मध्यातून वाहणाऱ्या या नदीने दोन्ही काठांवरच्या वस्त्या धुऊन नेल्या. मृतांचा आकडा साधारण १५ हजार सांगितला जातो. अफझलगंज, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे तिन्ही पूल वाहून गेले. अफझलगंजचे रुग्णालय गेले. तिथल्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात दाखवतात. कुतुबशाही काळातला, १५७८ चा पुराना पूल मात्र तग धरून राहिला.

पुरानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावण्यात आले. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे झाली. १९१२ मध्ये नगर सुधार मंडळ स्थापन झाले. नदीकाठ मोकळा करण्यात आला, रस्ते रुंद झाले, पथरगट्टीला दगडी कमानींची नवी दुकाने उभी राहिली. उच्च न्यायालय आणि उस्मानिया रुग्णालयाच्या भव्य इमारती नदीच्या दोन काठांवर आल्या.

म्हणजे आज पर्यटक जे जुने हैदराबाद म्हणून पाहतो, त्याचा मोठा भाग पुरानंतरचा आहे. त्याआधीचा नदीकाठ, तिथले बगिचे, घाट, घरांच्या रांगा आणि जुने पूल कसे होते, हे कळण्याचे मुख्य साधन दीनदयाळ आणि त्यांच्या समकालीनांचे फोटो आहे.

बशीरबाग हे असेच एक उदाहरण. आज हैदराबादेत बशीरबाग म्हटले की चौक आणि कार्यालये आठवतात. दीनदयाळ यांच्या फोटोत तिथे एक महाल उभा आहे. पायगा घराण्यातले आणि हैदराबादचे दिवाण राहिलेले सर आसमान जाह यांचा तो बशीरबाग महाल. स्वातंत्र्यानंतर तो पाडला गेला. नाव राहिले, इमारत गेली. फोटो नसता तर या नावामागे काय होते, हे नव्या पिढीला समजलेच नसते.

फोटोवरून जागा आणि साल कसे ठरवतात?

याची एक ठरलेली वाट आहे. ती मोठ्या शहराला लागू पडते, तशी गावालाही.

१) न हलणारी खूण. सगळ्यात आधी फोटोतली अशी गोष्ट शोधतात जी आजही जागेवर आहे. टेकडी, नदीचे वळण, मिनार, मंदिराचे शिखर, किल्ल्याचा बुरूज. हैदराबादेत चारमिनार आणि मक्का मशीद हे काम करतात. गावात मारुतीचे मंदिर, मशीद, बारव किंवा जुने वडाचे झाड. मात्र झाडावर एकट्यावर विसंबत नाहीत. ते वाढते, पडते आणि त्याच जागी दुसरेही लागते.

२) काळाची चौकट. फोटोत जे आहे, ते बांधल्यानंतरचा हा फोटो. जे नाही, ते बांधण्याआधीचा. चारमिनारवरची घड्याळे १८८९ मध्ये बसवली. घड्याळ दिसत असेल तर फोटो १८८९ नंतरचा. मुशीकाठी उच्च न्यायालय दिसत नसेल आणि जुना पूल दिसत असेल तर तो पुराआधीचा. या दोन टोकांमध्ये फोटोचे साल अडकते. मुंबईत राजाबाई टॉवर, बोरीबंदरचे स्टेशन, घोड्यांच्या आणि नंतर विजेच्या ट्राम यांनी हेच काम होते. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये.

३) कॅमेरा कुठे होता? फोटोत मिनाराच्या बरोबर मागे घुमट आला असेल, तर कॅमेरा त्या दोघांना जोडणाऱ्या सरळ रेषेवरच होता. अशा दोन जोड्या मिळाल्या की नकाशावर दोन रेषा ओढता येतात. त्या जिथे छेदतात, तिथे छायाचित्रकार उभा होता. मग त्या जागी जाऊन तसाच फोटो काढतात आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहतात.

४) सावली. आपल्या भागात वर्षातले बहुतेक महिने दुपारची सावली उत्तरेकडे पडते. सकाळची पश्चिमेकडे, संध्याकाळची पूर्वेकडे. भिंतीवर ऊन कोणत्या बाजूने आहे, यावरून इमारतीचे तोंड कोणत्या दिशेला होते याचा अंदाज येतो. गोंधळलेल्या दोन जागांपैकी एक इथेच बाद होते.

५) काच उलटी तर नाही? काचेची प्लेट उलटी ठेवून छापली तर डावे उजवीकडे जाते. रस्ता ओळखीचा वाटतो, पण काहीच जुळत नाही. अशा वेळी दुकानाच्या पाट्या वाचून पाहतात. उर्दू किंवा देवनागरी अक्षरे आरशातल्यासारखी दिसली, की चूक सापडली.

६) कागदाचा पुरावा. शेवटी नकाशा. हैदराबादसाठी पुरानंतरच्या वर्षांत लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली झालेले शहराचे बारीक मोजणी नकाशे हा मोठा आधार आहे. त्यांत घर, भिंत, विहीर असा तपशील आहे. फोटोतले घर आणि नकाशातले घर जुळले, की ओळख पक्की होते.

दीनदयाळ यांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. त्यांच्या स्टुडिओने प्लेटांवर क्रमांक आणि पुष्कळदा ठिकाणाचे नावही लिहून ठेवले. नावासोबत राजा ही पदवी आहे की नुसते लाला दीनदयाळ लिहिले आहे, यावरूनही फोटो १८९४ च्या अलीकडचा की पलीकडचा, याचा अंदाज बांधता येतो. कारखानदारी शिस्तीने ठेवलेली ही नोंद आज अभ्यासकांना कित्येक तासांची मेहनत वाचवते.

मराठवाडा त्यांच्या कॅमेऱ्यात किती आला?

आला, पण ठरावीक ठिकाणीच. १८९२ च्या सुमारास निजामाच्या मुलखातल्या प्रेक्षणीय स्थळांचा एक संग्रह त्यांनी तयार केला. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या संग्रहात असलेली त्याची प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हैदराबाद, बिदर, गुलबर्गा, वरंगळ यांच्याबरोबर त्यात औरंगाबाद, दौलताबाद आणि वेरूळ आहे. बीबी का मकबरा, देवगिरीचा किल्ला, कैलास लेणे यांचे सव्वाशे वर्षांपूर्वीचे रूप त्यात पाहायला मिळते.

तेव्हा औरंगाबादला रेल्वे नव्हती. नांदगाव स्टेशनवर उतरून टांग्याने किंवा गाडीने यावे लागे. परभणीवरून जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे दीनदयाळ यांच्या आयुष्याच्या अगदी शेवटी परभणी रुळांनी सिकंदराबादला जोडली गेली.

याच काळात, १८९९-१९०० मध्ये, भयंकर दुष्काळ पडला. निजाम सरकारने औरंगाबाद भागात दुष्काळी कामे काढली. त्यांचेही फोटो दीनदयाळ यांच्या स्टुडिओने काढले. रांगेत बसलेली माणसे, हाडे दिसणारी मुले, अन्नछत्रे. सरकारने केलेली मदत दाखवणे हा या फोटोंचा हेतू होता. पण महालांच्या आणि शिकारींच्या अल्बमांपेक्षा मराठवाड्यातल्या सामान्य माणसाचा चेहरा याच फोटोंत जास्त दिसतो. महालाच्या फोटोखाली मालकाचे नाव आहे. या माणसांची नावे नाहीत.

इथे दीनदयाळ यांच्या कामाची मर्यादाही दिसते. कॅमेरा तिथे गेला, जिथे पैसे देणारा होता. राजे, सरदार, लष्कर, रेल्वे, सरकारी खाती. जिंतूर-परभणी रस्त्यावरचे बोरी, जवळचे चारठाणा, नेमगिरी ही गावे त्या फेरीतली नव्हती. चारठाण्याला जुन्या हेमाडपंती मंदिरांचा समूह आहे. नेमगिरीला जैन लेणी आहेत. छायाचित्रकार स्वतः जैन असला, तरी दरबारी कामाचा रस्ता राजधानी आणि मोठ्या किल्ल्यांतूनच जात होता. म्हणून शहराचा भूतकाळ आज फोटोत शोधता येतो आणि गावाचा भूतकाळ माणसांच्या आठवणीत शोधावा लागतो.

मग बोरीसारख्या गावाने काय करावे?

मराठवाड्यातल्या गावांचे रूप गेल्या पन्नास-साठ वर्षांत शहरांइतकेच बदलले. माळवदाची घरे गेली, स्लॅब आले. वेशी पडल्या, गढ्यांची माती लोकांनी नेली. रस्ता रुंद झाला, ओटे गेले. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरी धरण झाले आणि १९६० च्या दशकात काठची जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर नदीकाठचे वाडे आणि पेठांचे कोपरे गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीसह अनेक गावे पडली आणि नव्या जागी वसली. अशा प्रत्येक ठिकाणी जुनी गल्ली कुठे होती हा प्रश्न उरतो. तो फक्त आठवणींचा नसतो. वहिवाटीची वाट, सार्वजनिक विहीर, मंदिराची किंवा दर्ग्याची जागा यांवरचे वाद त्यातूनच उभे राहतात.

गावाकडे दीनदयाळ यांचा अल्बम नसतो, पण घराघरांतल्या ट्रंका असतात. त्यांतले फोटो रस्त्याचे म्हणून काढलेले नसतात. लग्नाची वरात, शाळेचा गट, पोळ्याला सजवलेले बैल, नवा ट्रॅक्टर, १५ ऑगस्टची प्रभातफेरी. समोर माणसे असतात आणि मागे नकळत गाव आलेले असते. पारावरचे झाड, दुकानाची फळी, वेशीची कमान, शेजारच्या घराचा तुळईचा भाग. शोधणाऱ्याने माणसांच्या खांद्यामागे पाहायचे असते.

असा फोटो हाती आला तर पुढील गोष्टी लगेच करता येतात :

- फोटो आधी नीट स्कॅन करावा. काचेच्या फ्रेमवरून मोबाइलने काढलेल्या फोटोत चमक येते आणि तपशील जातो. शक्य असल्यास फ्रेममधून बाहेर काढून, सावलीत, सरळ वरून फोटो घ्यावा. काचेला चिकटलेला फोटो मात्र ओढू नये.

- मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोणाचे तरी अक्षर बहुधा तिथेच असते.

- मूळ फोटोवर शाईने लिहू नये, लॅमिनेशन करू नये. मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने क्रमांक घालावा आणि माहिती वेगळ्या वहीत लिहावी.

- घरातल्या वडीलधाऱ्यांना फोटो मोठा करून दाखवावा. माणसे कोण हे विचारून झाल्यावर मागचे घर कोणाचे, असेही विचारावे. दोघांना वेगवेगळे विचारावे. उत्तरे जुळली तर माहिती भक्कम.

- ग्रामपंचायतीचा नमुना ८, भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा, गावठाणाची मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिका यांच्याशी जागा ताडून पाहावी.

- कोणाच्या घरातल्या स्त्रियांचे किंवा दुःखाच्या प्रसंगाचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नयेत. दीनदयाळ यांना वेगळा जनाना स्टुडिओ काढावा लागला, तो याच संकोचासाठी. तो काळ गेला, तरी परवानगी घेण्याची रीत गेलेली नाही.

- खात्री नसेल तर साल लिहू नये. अंदाजे दशक लिहावे आणि अंदाज कशावरून केला तेही लिहावे. चुकीचे साल एकदा फिरू लागले, की ते परत आणता येत नाही.

दीनदयाळ यांच्या काचा आज कुठे आहेत?

जुन्या स्टुडिओंचे साठे टिकणे ही दुर्मीळ गोष्ट. काच फुटते, बुरशी धरते, जागा अडते म्हणून भंगारात जाते. कोलकात्याच्या प्रसिद्ध बोर्न अँड शेफर्ड स्टुडिओचा मोठा साठा १९९१ च्या आगीत नष्ट झाला. दीनदयाळ यांच्या बाबतीत थोडे वेगळे घडले. त्यांच्या स्टुडिओच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्यांवरून २०१० मध्ये मोठे प्रदर्शन झाले. त्याआधी २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले होते. दीपाली देवन आणि डेबोरा हटन या अभ्यासकांचे त्यांच्यावरील सविस्तर पुस्तक २०१३ मध्ये आले.

स्टुडिओने आयुष्यभर काढलेल्या फोटोंच्या मानाने या काचा थोड्याच. उरलेले फोटो जगभरच्या संग्रहालयांत आणि घराण्यांच्या अल्बमांत विखुरलेले आहेत. काही निव्वळ नाहीसे झाले. त्यातल्या एखाद्यावर क्रमांक आढळला, तर तो आधीच्या आणि नंतरच्या क्रमांकांमध्ये बसवून काळ आणि दौरा सांगता येतो. ज्यावर काहीच लिहिलेले नाही, त्याच्यावर अभ्यासकाला महिने घालवावे लागतात आणि तरीही इमारत निनावीच राहू शकते.

गावातल्या ट्रंकेतल्या फोटोंचेही असेच आहे. ज्यांना पडलेली वेस आणि तिच्याआतले घर आठवते, ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. फोटो पुढेही टिकेल, पण त्यातली भिंत कोणाची होती हे सांगणारे टिकणार नाहीत. ती माहिती वहीत उतरवायला वेळ आहे तो आत्ताच.